इलेक्ट्रिक स्कूटर ऑनलाइन घेताना: बॅटरीची ओळख, विक्रेत्याचा ठावठिकाणा आणि परतीची वाट

पायवाट (धागाकर्ता)

नमस्कार.

गेल्या वर्षी मी उभ्याने चालवायची, घडी होणारी इलेक्ट्रिक स्कूटर ऑनलाइन मागवली. जाहिरातीत एका चार्जिंगमध्ये ४५ किलोमीटर जाईल असे ठळक अक्षरांत लिहिले होते. नवी असताना ती जेमतेम २५ किलोमीटर जायची आणि पाच महिन्यांत पंधरावरच दम टाकू लागली. विक्रेत्याला पाच-सहा पत्रे लिहिली. प्रत्येक वेळी ‘आपली तक्रार पुढे पाठवली आहे’ एवढेच उत्तर आले. वॉरंटीची आशा सोडल्यावर मी ती बॅटरी दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे नेली.

पॅकवर ३६ व्होल्ट, १५ अँपिअर-तास असे छापलेले होते. त्यांनी वरचे निळे प्लॅस्टिक वेष्टन ब्लेडने चिरले, आतले सेल पेचकसाच्या टोकाने मोजले आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजले. सेल ४० भरले. उरलेल्या जागेत पॅक खुळखुळू नये म्हणून फोमचे तुकडे चिकटवलेले होते. सेल १८६५० या मापाचे, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचे आणि ६५ मिलिमीटर लांबीचे होते, आणि त्यांची क्षमता प्रत्येकी २.६ अँपिअर-तास होती. दहा सेल एकामागोमाग जोडले की ३६ व्होल्ट मिळतात आणि अशा चार ओळी समांतर जोडल्या की १०.४ अँपिअर-तास होतात. १५ अँपिअर-तासांसाठी सहा ओळी, म्हणजे ६० सेल लागले असते. थोडक्यात, मी ५४० वॉट-तासांचे (वॉट-तास म्हणजे बॅटरीत मावणाऱ्या ऊर्जेचे माप) पैसे मोजले होते आणि पदरात ३७४ वॉट-तास पडले होते.

तेव्हापासून माझे एक मत पक्के झाले आहे. आपण स्कूटर घेतो असे म्हणतो खरे, पण खरेदी बॅटरीची असते. तिच्याभोवतीची चौकट, दिवे, पडदा आणि रंग या सगळ्यांपेक्षा हा एकच भाग महाग असतो. त्यामुळे जो विक्रेता मोटार, वेग, दिवे आणि मोबाइल ॲप यांवर पानभर लिहितो, पण बॅटरीबद्दल ‘दमदार लिथियम बॅटरी’ एवढ्यावर वाचकाची बोळवण करतो, त्याच्याकडची स्वस्ताई नेमकी कुठून आली हे वेगळे सांगायला नको.

हिशेब अगदी सोपा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. उभ्याने चालवायच्या स्कूटरला दर किलोमीटरला साधारण १२ ते १८ वॉट-तास लागतात, तर बसून चालवायच्या दुचाकीला २५ ते ३५. चालवणाऱ्याचे वजन, चढ, वारा आणि टायरमधली हवा यांनुसार हा आकडा हलतो, पण अंदाजासाठी तो पुरेसा आहे. माझ्या स्कूटरला १५ वॉट-तास धरले, तर छापील ५४० वॉट-तासांतही ३६ किलोमीटरच झाले असते. म्हणजे जाहिरातीतले ४५ त्यांच्याच लेबलाशी जुळत नव्हते. कंपन्या हे अंतर बहुधा हलक्या चालकासह, सपाट रस्त्यावर, मंद आणि एकसारख्या वेगाने, नव्या बॅटरीवर मोजतात. म्हणून जाहिरातीतल्या आकड्याचा साठ-सत्तर टक्के भागच आपला समजावा.

बसून चालवायची असो वा उभ्याने, बॅटरी, विक्रेता आणि परतावा हे तीन प्रश्न दोन्हींना सारखेच लागू आहेत. नोंदणी, परवाना, वेगमर्यादा आणि विमा यांचे नियम देशागणिक वेगळे असल्यामुळे ते ज्याने त्याने आपल्याकडे तपासावेत. या धाग्यात खरेदीपुरतेच बोलावे ही विनंती.

---

अनुस्वार

लेख आवडला, पण एक शंका आहे. आपल्याला हे सगळे पॅक फोडल्यावर कळले. ऑनलाइन घेणाऱ्यासमोर फक्त चित्र असते, आणि वस्तू हाती आल्यावरही पॅक उघडला की वॉरंटी संपते. मग पैसे भरण्याआधी खरे-खोटे ओळखायचे कसे?

---

पायवाट (धागाकर्ता)

अनुस्वार, शंका रास्त आहे. खेदाची गोष्ट अशी की माझ्या स्कूटरच्या जाहिरातीनेच स्वतःचे बिंग फोडले होते आणि मला ते वाचता आले नाही. तिथे चार्जर २ अँपिअरचा असल्याचे आणि बॅटरी ‘अवघ्या पाच तासांत पूर्ण चार्ज’ होत असल्याचे लिहिले होते. १५ अँपिअर-तासांना २ अँपिअरने किमान साडेसात तास लागतात. १०.४ ला मात्र बरोबर पाच तासांच्या थोडे वर लागतात! चार्जरवरचा आकडा सहसा खरा असतो, कारण तो वेगळ्या कारखान्यातून छापून येतो. म्हणून बॅटरीची क्षमता भागिले चार्जरचे अँपिअर हा भागाकार करून जाहिरातीतल्या वेळेशी ताडून पाहावा.

दुसरा मार्ग वजनाचा आहे. १८६५० मापाचा एक सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, म्हणजे ६० सेलांचे वजनच पावणेतीन ते तीन किलो होते. बॅटरी काढता येण्याजोगी असेल तर विक्रेत्याला तिचे वजन विचारावे. १५ अँपिअर-तासांची ३६ व्होल्टची बॅटरी दोन किलोची असल्याचे उत्तर आले, तर पुढे काही विचारायचे राहत नाही. याच मापाच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमताही साधारण साडेतीन अँपिअर-तासांच्या आसपास असते, त्यामुळे एका सेलमध्ये सहा किंवा नऊ अँपिअर-तास असल्याचा दावा दिसला, तर ते पान तिथेच मिटावे.

---

तिरपा_चौकोन

माझे काम पॉवर इलेक्ट्रॉनिक्सशी संबंधित आहे, म्हणून थोडी भर घालतो.

बॅटरी ‘लिथियमची’ आहे एवढे कळून भागत नाही. प्रचलित रसायने मुख्यतः दोन आहेत. निकेल-मँगनीज-कोबाल्ट, म्हणजे एनएमसी, हिच्यात कमी वजनात जास्त ऊर्जा मावते. तिचा सेल सरासरी ३.६ व्होल्टचा असतो आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टला पोचतो. लिथियम-लोह-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, हिचा सेल ३.२ व्होल्टचा असतो आणि तो ३.६५ पर्यंत भरतात. ती जड असते, पण तापली तरी सहजासहजी भडकत नाही आणि चार्जिंगची आवर्तने कितीतरी जास्त सोसते: एनएमसीची पाचशे ते हजार धरली, तर एलएफपीची दोन हजारांच्या घरात जातात. स्कूटर उचलून जिने चढायचे असतील तर एनएमसीचे हलकेपण मोलाचे ठरते. बसून चालवायच्या दुचाकीत चार-पाच किलो वाढल्याने फारसे बिघडत नाही, म्हणून तिथे मी डोळे झाकून एलएफपी घेईन.

अगदी स्वस्त दुचाक्यांमध्ये अजूनही शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या येतात. त्या वाईट असतात असे नाही, पण लिथियमच्या तुलनेत तिप्पट जड असतात आणि रोज पूर्ण उतरवल्या तर वर्ष-दीड वर्षात थकतात. जाहिरातीत ‘४८ व्होल्ट, २० अँपिअर-तास’ असे असून रसायनाचे नाव नसेल, तर ती शिशाची असण्याचीच शक्यता मोठी आहे.

सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते चार्जरविषयी. ३६ व्होल्टच्या एनएमसी पॅकला ४२ व्होल्टचा चार्जर लागतो आणि ४८ व्होल्टच्या, तेरा सेलांच्या पॅकला ५४.६ व्होल्टचा. दोन्हींची पिन अनेकदा एकाच मापाची असते. मूळ चार्जर बिघडला म्हणून ‘सर्व स्कूटरना चालणारा’ स्वस्त चार्जर मागवून तो नको त्या बॅटरीला जोडणे म्हणजे घरात आग बोलावणे आहे. पॅकमधली बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेल-गटाचा दाब पाहून प्रवाह तोडणारी पट्टी, अशा वेळी वाचवू शकते. पण स्वस्त पॅकमध्ये काटकसर नेमकी या पट्टीवरच केलेली असते. म्हणून स्कूटर घेतानाच विक्रेत्याकडे मूळ चार्जर सुटा मिळतो का, हे पाहून ठेवावे.

---

दोन_चाके

तिरपा_चौकोन यांच्याशी सहमत. सुटे चार्जर विकणारा विक्रेता म्हणजे निम्मी परीक्षा उत्तीर्ण, असे माझेही मत आहे. मी तर स्कूटरचे पान उघडण्याआधी त्या विक्रेत्याचे सुट्या भागांचे पान उघडतो. टायर, ट्यूब, ब्रेक पॅड, कंट्रोलर आणि बॅटरी या वस्तू किमतीसह तिथे दिसल्या, तर उद्या गाडी उभी राहिली की कोणाकडे जायचे ते कळते. हे पानच नसेल, तर तो फक्त खोकी इकडून तिकडे करणारा मनुष्य आहे असे समजावे.

प्रमाणपत्रांबद्दल थोडे सांगतो, कारण त्यात फसगत फार होते. स्वतः तोल सांभाळणाऱ्या दोन चाकी फळ्यांना, म्हणजे हॉव्हरबोर्डना, आगी लागण्याचे प्रकार २०१५ च्या अखेरीस वाढले आणि जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत अशा पाच लाखांहून अधिक फळ्या परत मागवण्यात आल्या. त्याच वर्षी यूएल या अमेरिकी सुरक्षा-तपासणी संस्थेचे यूएल २२७२ हे मानक आले. त्यात सेल, पॅक, चार्जर आणि वायरिंग ही सगळी विद्युत यंत्रणा एकत्र तपासली जाते, आणि पुढे उभ्याने चालवायच्या स्कूटरही त्याच्या कक्षेत आल्या. बॅटरीपुरते वेगळे मानक यूएल २२७१ आहे. युरोपमध्ये उभ्याने चालवायच्या हलक्या वाहनांसाठी २०२० पासून ईएन १७१२८ हे मानक आहे.

आता पाहा, ‘यूएल २२७२ नुसार तपासलेली’ आणि ‘यूएल २२७२ प्रमाणित’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले कोणीही लिहू शकते. दुसऱ्याला क्रमांक असतो आणि तो संबंधित संस्थेच्या खुल्या यादीत शोधता येतो. शोधताना त्या क्रमांकापुढे कोणत्या वस्तूचे नाव आहे तेही पाहावे, कारण पुष्कळदा प्रमाणपत्र निव्वळ चार्जरचे असते आणि मिरवले जाते स्कूटरचे म्हणून. युरोपातल्या नियमांची पूर्तता सांगणारे सीई हे चिन्ह तर बहुतेक वस्तूंवर उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, त्यामुळे केवळ ते छापलेले आहे म्हणून कोणी त्रयस्थाने तपासणी केली असे होत नाही.

पाण्याच्या बाबतीतही तसेच आहे. आयपी या अक्षरांनंतरचा पहिला अंक धुळीचा आणि दुसरा पाण्याचा असतो. दुसरा अंक ४ असेल तर चहूबाजूंचे शिंतोडे चालतात, ५ असेल तर पाण्याचा झोत चालतो आणि ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी आत पाणी शिरत नाही. जाहिरातीत ‘आयपी ६७’ मोठ्या टायपात असते, पण बारीक अक्षरांत ते फक्त बॅटरीच्या पेटीसाठी असल्याचे लिहिलेले आढळते. वॉरंटीच्या अटींत तर पाण्याने झालेले नुकसान सरसकट वगळलेले असते. मग त्या ६७ चा उपयोग काय, असे विचारावेसे वाटते.

---

उंबरठा

माफ करा, पण एवढा अभ्यास करून शेवटी न पाहिलेली वस्तूच घ्यायची असेल, तर त्यापेक्षा जवळच्या दुकानात जाऊन चालवून घेतलेली काय वाईट? ज्या वस्तूवर आपण जीव ठेवून रस्त्यावर उतरणार, ती चित्र पाहून मागवणे मला मुळातच पटत नाही. ब्रेक किती दाबल्यावर लागतो, हँडलच्या घडीच्या सांध्यात खुळखुळ आहे का, हे कोणते संकेतस्थळ सांगणार?

---

पायवाट (धागाकर्ता)

उंबरठा, चालवून पाहण्याला पर्याय नाही हे अगदी मान्य. हँडलच्या सांध्याबद्दल तर आपण मर्मावर बोट ठेवले आहे. तिथे दोन अटकाव असावेत, एक सुटला तरी दुसरा धरून ठेवेल असे. ब्रेकही दोन स्वतंत्र हवेत, आणि त्यांतला किमान एक डिस्क किंवा ड्रमचा, म्हणजे यांत्रिक हवा. केवळ मोटारने वेग कमी करणाऱ्या ब्रेकवर विसंबू नये, कारण बॅटरी पूर्ण भरलेली असताना किंवा वीज तुटल्यावर तो ढिला पडतो.

तरीही, ज्यांच्या आसपास अशी दुकाने नाहीत किंवा जिथे एकाच कंपनीचे दुकान आहे, त्यांना ऑनलाइनशिवाय गत्यंतर नसते. शिवाय माझी स्कूटर दुकानात चालवून पाहिली असती, तरी दहा मिनिटांत चाळीस सेल आणि साठ सेल यांतला फरक कळला नसता. मित्राच्या किंवा भाड्याच्या स्कूटरवर सवय पाहून घ्यावी आणि मग तेच मॉडेल ऑनलाइन मागवावे, हा मधला मार्ग मला बरा वाटतो.

---

सांजवेळ

आतापर्यंतची चर्चा वस्तूच्या खरेपणाची झाली. माझा अनुभव मात्र वस्तू अस्तित्वातच नसण्याचा आहे.

एका नावाजलेल्या कंपनीची स्कूटर मी शोधयंत्रात शोधली आणि सर्वांत वर आलेल्या दुव्यावर टिचकी मारली. तो प्रायोजित, म्हणजे पैसे देऊन वर आणलेला दुवा होता, हे तेव्हा लक्षात आले नाही. पान हुबेहूब त्या कंपनीसारखे होते, पत्त्यात फक्त एक जोडरेघ आणि ‘ऑफर’ असा शब्द जास्त होता. वरच्या कोपऱ्यात कुलूप होते, म्हणून मी निर्धास्त होते. ते कुलूप फक्त आपल्या आणि त्या संकेतस्थळाच्या मधली ये-जा कोणाला वाचता येत नाही एवढेच सांगते; पलीकडे साव बसला आहे की चोर, हे सांगत नाही. ही गोष्ट मला नंतर बँकेतल्या बाईंनी समजावली.

आगाऊ नोंदणीची लहान रक्कम भरताच एका ‘प्रतिनिधीचा’ फोन आला. उरलेली रक्कम आजच थेट खात्यात भरल्यास आणखी सूट मिळेल, फक्त त्यासाठी एक ॲप घेऊन मोबाइलचा पडदा त्यांना दिसू द्यावा लागेल, असे ते म्हणाले. तिथे मात्र माझ्या पोटात गोळा आला आणि मी फोन ठेवला. नोंदणीची रक्कम कार्डाने भरलेली असल्यामुळे त्याच दिवशी बँकेकडे लेखी हरकत घेतली आणि सुमारे दीड महिन्याने ती परत मिळाली. थेट खात्यात भरली असती, तर तिच्यावर पाणीच सोडावे लागले असते.

तेव्हापासून मी पत्ता शोधयंत्रावरून घेत नाही, कंपनीच्या छापील माहितीपत्रकावरून किंवा अधिकृत ॲपवरून घेते. अनोळखी संकेतस्थळ असेल, तर त्याचे नाव केव्हा नोंदवले गेले हे खुल्या नोंदवहीत पाहते. ‘वीस वर्षांची विश्वासार्ह परंपरा’ सांगणाऱ्या दुकानाचा पत्ता तीन आठवड्यांपूर्वी नोंदवलेला निघाला, की हसू येते.

---

अनुस्वार

सांजवेळताई, वेळीच सावध झालात हे उत्तम. अभिप्रायांवर आपण विश्वास ठेवता का? मला तर आजकाल पाच तारे पाहिले की संशयच येतो.

---

सांजवेळ

पाच ताऱ्यांचे मी वाचतच नाही. दोन आणि तीन ताऱ्यांचे वाचते, कारण त्यांत वापरणारा माणूस बोलत असतो: ‘मागचा मडगार्ड दुसऱ्या महिन्यात तडकला’, ‘चढावर दिवा मंद होतो’. एकाच दिवशी आलेले, एकाच वळणाचे, किलोमीटरचा एकही आकडा नसलेले कौतुक मोजणीतून वगळावे. चित्रांचाही शोध घ्यावा. तेच छायाचित्र चार वेगळ्या नावांच्या स्कूटरखाली सापडते, आणि मग त्यातल्या सर्वांत महागड्या नावाला जास्तीचे पैसे का द्यायचे, हाही प्रश्न सुटतो.

---

गोधडी

परतीच्या वाटेबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. मालवाहतुकीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत.

लिथियम बॅटरी हा वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नवव्या वर्गातला धोकादायक माल आहे. सुटी बॅटरी यूएन ३४८० या क्रमांकाखाली जाते, उपकरणासोबतची ३४८१ खाली आणि बॅटरीवर चालणारे वाहन वेगळ्या क्रमांकाखाली. ती पाठवण्याआधी यूएन ३८.३ या कलमातल्या चाचण्या झालेल्या असाव्या लागतात. त्यांत कंपन, आघात, तापमानातले चढ-उतार आणि हवेचा कमी दाब हे सगळे येते. विक्रेत्याची स्कूटर आपल्यापर्यंत येते, कारण कुरिअरशी त्याचा तसा करार असतो. आपण तीच परत पाठवायला गेलो, तर खिडकीवरचा माणूस ‘बॅटरी आहे का’ असे विचारतो आणि हो म्हटले की हात जोडतो. खराब किंवा फुगलेली बॅटरी तर बहुतेक जण घेतच नाहीत.

म्हणून ‘३० दिवसांत विनाअट परत’ या वाक्याने हुरळून जाऊ नये. परत न्यायला कोण येणार, भाडे कोण भरणार, मूळ खोके लागणार का, आणि किती किलोमीटर चालवलेली स्कूटर ‘वापरलेली’ ठरणार, हे चारही मुद्दे विकत घेण्याआधी लेखी घ्यावेत. परदेशातून मागवलेल्या स्वस्त स्कूटरच्या बाबतीत परतीचे भाडे आणि जकात धरली, तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत होते.

खोके आले की सही करण्याआधी चारही कोपरे पाहा. कोपरा चेपलेला असेल तर पावतीवरच तसे लिहा, कारण ‘माल सुस्थितीत मिळाला’ या ओळीखाली सही गेली की वाहतूकदार हात वर करतो. सीलबंद पट्टी कापण्यापासून पहिल्यांदा सुरू करण्यापर्यंत एकसलग चित्रफीत काढा आणि तिच्यात चौकटीवरचा व बॅटरीवरचा क्रमांक दिसू द्या. परतीची मुदत संपेपर्यंत खोके आणि आतला फोम टाकू नका, मग घरातले कितीही ओरडोत.

---

कवडसा

स्वस्तात घेण्याबद्दल माझे दोन शब्द. काटछाट केलेल्या ‘मूळ’ किमतीकडे मी पाहत नाही. दोन-तीन आठवडे त्याच मॉडेलची किंमत टिपून ठेवली, की खरी सूट कोणती आणि रोजचीच सूट कोणती हे आपोआप कळते. नवे मॉडेल येताच मागच्या वर्षीचे उतरते. त्यात बहुधा पडदा आणि रंग यांपलीकडे फरक नसतो. मात्र तेव्हा बॅटरी केव्हा तयार झाली ते विचारावे, कारण गोदामात वर्षभर पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडलेला पॅक नवा असूनही म्हातारा असतो.

काही ठिकाणी बॅटरीशिवाय स्कूटर स्वस्तात देतात आणि बॅटरीचे मासिक भाडे घेतात. ही योजना वाईट नाही, पण भाडे किती महिने, मध्येच थांबवता येते का, आणि कंपनीच बंद पडली तर काय, हे वाचून तीन वर्षांची बेरीज करावी. ज्यांचे रोजचे धावणे कमी आहे त्यांना ती सहसा महागच पडते.

उत्पादकाने स्वतः दुरुस्त करून वॉरंटीसह परत विकलेली स्कूटर हा मला सर्वांत फायदेशीर सौदा वाटतो. अनोळखी व्यक्तीकडून जुनी घेताना मात्र आधीच्या मालकाने ॲपमधून आपले खाते तुमच्या समोर काढून टाकल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझ्या एका सहकाऱ्याने घेतलेली स्कूटर आधीच्या मालकाच्या फोनवरून कुलूपबंद झाली आणि तो गृहस्थ फोन उचलेना. बिचाऱ्याने महिनाभर हातात नुसती लोखंडाची काठी सांभाळली.

---

मोरपीस

सर्वांचे प्रतिसाद वाचले. मुलीसाठी उभ्याने चालवायची स्कूटर घ्यायची आहे. तिचे वजन ५८ किलो आहे, रोज जाऊन-येऊन १६ किलोमीटर आणि वाटेत एक लांब चढ आहे. मोटार २५० वॉटची घ्यावी की ५०० वॉटची, यावर घरात मतभेद आहेत.

---

तिरपा_चौकोन

मोरपीसताई, चढ किती तीव्र आहे यावर ते ठरेल. मुलगी, दप्तर आणि स्कूटर मिळून ८० किलो धरू. दहा टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला १० मीटर उंची गाठताना, ताशी १५ किलोमीटर वेग राखायचा तर केवळ वर चढण्यासाठी सव्वातीनशे वॉट लागतात, घर्षण वेगळेच. २५० वॉटची मोटार थोडा वेळ जास्त जोर लावू शकते, पण लांब चढावर ती तापेल आणि वेग सात-आठवर येईल. चढ पाच टक्क्यांचा असेल तर २५० पुरेल. आकडा पाहताना तो अखंड क्षमतेचा आहे की क्षणिक कमाल क्षमतेचा, हे विचारायला विसरू नका. जाहिरातीत हटकून दुसराच आकडा असतो.

---

मोरपीस

महिन्याभराने लिहीत आहे, त्याबद्दल क्षमस्व. चढ सात-आठ टक्क्यांचा निघाला, म्हणून ३५० वॉट अखंड क्षमतेची पाहिली.

चार विक्रेत्यांना एकच पत्र पाठवले: सेल कोणाचे, किती मालिकेत आणि किती समांतर, प्रमाणपत्राचा क्रमांक, आणि चालवलेली स्कूटर परत घेण्याची अट. दोघांनी उत्तरच दिले नाही. तिसऱ्याने लगेच प्रमाणपत्र पाठवले, पण दोन_चाके यांनी सांगितल्याप्रमाणे क्रमांक शोधला, तर तो चार्जरचा होता. चौथ्याने चार दिवस घेतले, मात्र सेलची कंपनी, दहा मालिकेत आणि पाच समांतर अशी मांडणी, आणि ५० किलोमीटरपर्यंत चालवलेली स्कूटर १४ दिवसांत स्वतःच्या खर्चाने परत नेण्याची अट, हे सगळे लेखी कळवले. तो तिसऱ्यापेक्षा थोडा महाग होता. कार्डाने पैसे भरून त्याच्याकडूनच घेतली.

बॅटरी ३६ व्होल्ट, १२.५ अँपिअर-तास, म्हणजे ४५० वॉट-तासांची आहे. ती काढता येत नाही, त्यामुळे वजन करता आले नाही. म्हणून भिंतीच्या प्लगमध्ये लावायचे छोटे वीजमापक आणले, मुलीने स्कूटर आपोआप थांबेपर्यंत चालवली आणि मग ती पूर्ण चार्ज केली. मापकावर ०.५१ युनिट, म्हणजे ५१० वॉट-तास, दिसले. ५१० पैकी ४५० आत पोचले, बाकीचे उष्णतेत गेले, असे धरले तर हिशेब जुळतो का?

---

तिरपा_चौकोन

जुळतो. चार्जरमध्ये आणि पॅकमध्ये मिळून दहा-पंधरा टक्के जातातच. चाळीस सेलांचा पॅक असता, तर मापक ०.४२ च्या आसपास थांबले असते. कात्री न लावता पॅक तपासण्याचा हा मार्ग मला आधी सुचायला हवा होता.

---

पायवाट (धागाकर्ता)

मोरपीसताई, प्रत्यक्ष अंतर किती गेली?

---

मोरपीस

२९ किलोमीटर. जाहिरातीत ४० लिहिले होते, पण आपल्या १५ च्या भागाकाराने मी ३० च धरून बसले होते.